पहिला छोटा डिजिटल कॅमेरा: काय ठरवायचं, काय वाचायचं आणि दुकानात काय तपासायचं

पहिला कॅमेरा घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुणीतरी सुचवलेलं मॉडेल मनात भरतं, मग त्याची किंमत शोधली जाते, आणि कॅमेरा घरी आल्यावर याने नेमकं काय काढायचं हा प्रश्न पडतो. मेगापिक्सल बघून घेतलेला कॅमेरा लग्नाच्या हॉलमध्ये फोनपेक्षा वाईट फोटो देतो, महिनाभरात कपाटात जातो आणि "कॅमेऱ्यात काही राम राहिला नाही" असं मत पक्कं होतं. खरं तर फक्त निवडीचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम खाली पायरीपायरीने दिला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं.

इथे फक्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा विचार केला आहे, म्हणजे खिशात किंवा छोट्या पर्समध्ये मावणारे आणि लेन्स न बदलता येणारे. किमती सतत हलत असतात, म्हणून मॉडेलचे भाव दिलेले नाहीत. ते घ्यायच्या दिवशी निदान दोन ठिकाणी विचारा.

## पायरी १: कोणते तीन फोटो काढायचे ते लिहा

कागद घ्या आणि तुम्हाला खरोखर काढायचे असलेले तीन फोटो लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी नोंदवा: विषय किती लांब असेल आणि उजेड किती असेल. "ट्रिप, घरचे कार्यक्रम, थोडं सगळंच" हे उत्तर चालणार नाही, त्यातून काहीच ठरत नाही.

उदाहरणार्थ, हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी. विषय लांब, उजेड भरपूर. इथे लांब पल्ल्याचा ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सने विषय जवळ आणणारा झूम हवा, तोही निदान २० पट. किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून मुलीचा नाच. विषय मध्यम अंतरावर, उजेड कमी आणि हालचाल जोरात. स्वस्त कॅमेऱ्यासाठी यापेक्षा अवघड काम नाही. वाढदिवसाला केक कापताना घरचे लोक दोन-तीन मीटरवर असतात, तिथे झूम लागत नाही, चांगला फ्लॅश आणि उजेड जास्त घेणारी लेन्स लागते. कास पठारावरची इवलीशी फुलं काढायची तर कॅमेरा किती जवळून फोकस करतो हे महत्त्वाचं. आणि किल्ले फिरणाऱ्यांना हलकं वजन, जादा बॅटरी आणि कोकणकड्यासारखा पसारा चौकटीत मावेल अशी रुंद लेन्स हवी.

तपासा: तिन्ही फोटो तीन दिशांना ओढत असतील, तर वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा काढाल त्या फोटोवर खूण करा. कॅमेरा त्याच्यासाठी घ्या. कमी पैशांत लांब झूम आणि कमी उजेडातली ताकद एकाच छोट्या कॅमेऱ्यात येत नाही. कमी उजेडासाठी सेन्सर, म्हणजे लेन्समागचा उजेड टिपणारा भाग, मोठा लागतो. मोठ्या सेन्सरला तेवढाच झूम द्यायचा तर लेन्सही मोठी होते, मग तो कॅमेरा खिशातही मावत नाही आणि बजेटमध्येही बसत नाही.

## पायरी २: तेच फोटो आधी फोनने काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, म्हणून संध्याकाळचं आकाश आणि सावलीतला चेहरा दोन्ही नीट दिसतात. स्वस्त कॉम्पॅक्टकडून ही अपेक्षा ठेवलीत तर निराशा ठरलेली.

कॉम्पॅक्ट पुढे जातो त्या जागा वेगळ्या आहेत. खरा ऑप्टिकल झूम. फोनच्या एलईडीपेक्षा कितीतरी जोरदार, क्षणभर लखलखणारा झेनॉन फ्लॅश, ज्यामुळे अंधारातही माणसं स्थिर येतात. बोटाखाली येणारं खरं शटर बटण. काढून बदलता येणारी बॅटरी. आणि फोन न देता दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देता येईल अशी वस्तू. हे शेवटचं कारण लोक किरकोळ समजतात, पण पहिला कॅमेरा घेण्यामागचं मला पटणारं हे एक भक्कम कारण आहे.

म्हणून ते तीन फोटो फोनने काढून बघा आणि फोन नेमका कुठे कमी पडला ते एका ओळीत लिहा. "पक्षी ठिपक्याएवढा आला." "दहाव्या रांगेतून चेहरा ओळखू येत नाही." ही ओळ लिहिताच येत नसेल, तर कॅमेरा घेऊ नका. ते पैसे ट्रिपला वापरा.

## पायरी ३: माहितीच्या तक्त्यातल्या पाच ओळी वाचा, याच क्रमाने

प्रत्येक कॅमेऱ्याच्या माहितीत चाळीसेक ओळी असतात. नवख्याने पाच वाचाव्यात. मेगापिक्सल या पाचांत नाही, कारण मोबाइलवर बघायला आणि ए-४ आकारात छापायला ८ मेगापिक्सलही पुरतात.

### पहिली ओळ: सेन्सरचा आकार

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा १/२.३ इंच सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर. त्याच्या वरचा १/१.७ इंच, साधारण ४३ चौरस मिलिमीटर. आणि ज्याला '१ इंच' म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. नावात इंच असला तरी तो कुठल्याही बाजूने एक इंच नाही, पण १/२.३ च्या चौपट आहे, आणि कमी उजेडात हा चौपटीचा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

विक्रेत्याने सेन्सरचा आकार लिहिलाच नसेल तरी तो काढता येतो. लेन्सच्या पुढच्या कड्यावर बारीक अक्षरांत खरी फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा पल्ला सांगणारा मिलिमीटरचा आकडा, छापलेली असते. कॅनन इक्सस १८५ वर ५.० ते ४०.० मिमी असं दिसेल. त्याच कॅमेऱ्याच्या माहितीत '३५ मिमीच्या तुलनेत', म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने, २८ ते २२४ मिमी दिलेलं असतं. २८ ला ५ ने भागा: ५.६. उत्तर साडेपाचच्या आसपास आलं की सेन्सर १/२.३ इंच. सोनी आरएक्स१०० च्या पहिल्या मॉडेलवर १०.४ ते ३७.१ मिमी लिहिलेलं आहे आणि तुलनेचा आकडा २८ ते १००. भागाकार २.७, म्हणजे १ इंचाचा सेन्सर. भागाकार जितका छोटा, तितका सेन्सर मोठा.

### दुसरी ओळ: ऑप्टिकल झूम

त्याच कड्यावरचा मोठा आकडा छोट्याने भागा: ४० भागिले ५, म्हणजे ८ पट. हा खरा झूम. खोक्यावर यापेक्षा मोठा आकडा असेल तर तो डिजिटल झूम, म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून फुगवणं. ते काम घरी फोनवरही होतं, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

झूमची सुरुवात कुठून होते तेही बघा, पण त्यासाठी कड्यावरचा नाही, '३५ मिमीच्या तुलनेत'चा आकडा घ्या. २४ किंवा २५ मिमीपासून सुरू होणारी लेन्स घरातल्या छोट्या खोलीत सगळ्यांना चौकटीत घेते. ३५ पासून सुरू होणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात मागे सरकायला जागाच उरत नाही.

### तिसरी ओळ: 'एफ'चे दोन आकडे

एफ/३.२–६.९ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमवर. आकडा छोटा तेवढा उजेड जास्त. ३.२ वरून ६.९ ला जाताना लेन्समधून येणारा उजेड साडेचार पटींहून जास्त कमी होतो. दुकानाच्या पांढऱ्याफेक दिव्यांखाली झूम करून मिळालेला चकचकीत फोटो नाट्यगृहात गढूळ आणि दाणेदार येतो, त्याचं हे कारण. स्टेजचे फोटो काढायचे असतील तर दुसरा आकडा पहिल्याआधी वाचा.

### चौथी ओळ: ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन

हातातला कॅमेरा थोडा हलतोच. जुना ठोकताळा असा की २२४ मिमीला (इक्सस १८५ च्या पूर्ण झूमला) कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा तर शटर सेकंदाच्या १/२५० भागाएवढा जलद हवा. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये छोटा कॅमेरा १/३० वरच अडतो आणि फोटो हलतो. लेन्समधलं किंवा सेन्सरचं यांत्रिक स्टॅबिलायझेशन इथे पुष्कळ सांभाळून घेतं.

एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांत फरक असतो तो इथे. इक्सस १८५ आणि इक्सस १९० शेजारीशेजारी ठेवले तर नवख्याला भावंडंच वाटतील. पण १९० मध्ये १० पट झूम, ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि वाय-फाय आहे. १८५ मध्ये ८ पट झूम आहे, पण ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि वाय-फाय नाही. थोडे पैसे वाचवायला १८५ घेणारा पुढे प्रत्येक झूम केलेल्या फोटोत त्याची किंमत मोजतो.

सावधान: माहितीत 'डिजिटल' किंवा 'इलेक्ट्रॉनिक' स्टॅबिलायझेशन असेल तर ते नाही असंच धरा.

### पाचवी ओळ: कार्ड आणि बॅटरी

बॅटरीचा नंबर (उदाहरणार्थ एनबी-११एल किंवा एनपी-बीएन) वहीत उतरवा आणि ती बॅटरी आज नवी मिळते का ते कॅमेरा घ्यायच्या आधी शोधा. छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी एका चार्जमध्ये बऱ्याचदा दोनशेच्या आसपास फोटो देते. लग्नाच्या दिवशी ती दुपारीच मान टाकते, म्हणून दुसरी बॅटरी खर्चात आधीच धरा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना साधे अल्कलाइन सेल घालू नका, ते पटापट उतरतात. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर घ्या. तालुक्याच्या गावी किंवा वारीच्या वाटेवर सेल कुठेही मिळतात, हा मात्र अशा कॅमेऱ्याचा मोठा गुण आहे.

कार्ड एसडी की मायक्रोएसडी हेही पाहा. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत. जुने ऑलिंपस आणि फुजी 'एक्सडी' कार्ड मागतात, जुने सोनी 'मेमरी स्टिक'. ही कार्डं आता शोधत फिरावं लागतं. नवख्याने असे कॅमेरे सरळ सोडून द्यावेत.

सावधान: '४८ मेगापिक्सल, ४के, १६एक्स झूम' असं लिहिलेले अनोळखी ब्रँडचे कॅमेरे सध्या ऑनलाइन जिकडेतिकडे दिसतात. ओळखायच्या चार खुणा: चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही, लेन्सच्या कड्यावर मिलिमीटरचे आकडे नसतात किंवा एकच असतो, माहितीत 'ऑप्टिकल' हा शब्द नसतो, आणि सेन्सरचा आकार कुठेच दिलेला नसतो. यातल्या दोन खुणा जुळल्या तरी सोडा. ४८ हा आकडा बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. मुलांना वाढदिवसाला देण्यासाठी हे कॅमेरे हमखास घेतले जातात, आणि मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन मागतं.

## पायरी ४: पैशांची वाटणी आधी करा

हातात असलेल्या रकमेचा निदान पाचवा भाग कॅमेऱ्याबाहेर ठेवा. १५,००० असतील तर कॅमेऱ्याला १२,००० ची मर्यादा. उरलेल्यातून दुसरी बॅटरी, नावाजलेल्या कंपनीचं ३२ जीबी कार्ड, कार्ड रीडर आणि पाऊच. ३२ जीबी पुरेसं आहे: २० मेगापिक्सलचा जेपेग फोटो साधारण ६ एमबीचा धरला तरी पाचेक हजार फोटो मावतात.

कार्ड रीडरला 'बघू नंतर' म्हणू नका. जुन्या कॅमेऱ्यांची वाय-फाय ॲप नव्या फोनवर चालतीलच असं नाही. टाइप-सी रीडर फोनला लावला की तो प्रश्नच मिटतो.

## पायरी ५: नवा की वापरलेला

मोठ्या कंपन्यांनी स्वस्त कॉम्पॅक्ट बनवणं जवळपास सोडलं आहे, त्यामुळे भारतात नव्याची निवड आखडली आहे. कोडॅक पिक्सप्रोसारखी मोजकी नावं दिसतात. त्यातला एफझेड४५ पेन्सिल सेलवर चालतो, एफझेड५५ लिथियम बॅटरीवर. बाकी बाजार वापरलेल्यांचा: मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातला कुचा चौधरी, आणि ऑनलाइन जाहिराती.

माझं मत असं. कॅमेऱ्यातलं कळणारं कुणी सोबत नसेल आणि कॅमेरा लहान मुलासाठी असेल, तर वॉरंटी असलेला नवा, साधा कॅमेरा घ्या. पायरी १ मध्ये कमी उजेडाच्या फोटोवर खूण असेल, तर १/२.३ इंचाचा नवा कॅमेरा घेण्यापेक्षा १ इंच सेन्सरचा वापरलेला घ्या. आरएक्स१०० चं पहिलं मॉडेल २०१२ चं असलं तरी घरातल्या उजेडात ते नव्या स्वस्त कॅमेऱ्यांना मागे टाकतं. पण वापरलेला घ्यायचा तर पायरी ७ मधली तपासणी पूर्ण करावीच लागेल.

वापरलेल्यात तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

जपानहून गठ्ठ्याने आलेले कॅमेरे इथे बरेच विकले जातात. त्यातल्या काहींचा, खास करून जपानी बाजारासाठी बनवलेल्या सोनी कॅमेऱ्यांचा, मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलता येत नाही. पैसे देण्याआधी सेटिंगमध्ये भाषा बदलून पाहा. चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं आहे ना, तेही वाचा.

दुसरं, 'सीसीडी' (जुन्या प्रकारचा सेन्सर) या शब्दासाठी जादा पैसे मागितले जातात. त्या जुन्या फोटोंचा रंगढंग मुख्यतः तेव्हाच्या रंगप्रक्रियेमुळे आणि थेट मारलेल्या फ्लॅशमुळे येतो. आवडत असेल तर जरूर घ्या, पण फक्त त्या शब्दापोटी दुप्पट भाव देऊ नका. २००३–०४ च्या सुमाराच्या काही सीसीडी सेन्सरांत तर दोष होता, उष्ण दमट हवेत ते निकामी होऊन चित्र जांभळं किंवा फाटलेलं दिसायला लागायचं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने इतके जुने कॅमेरे टाळावेत.

तिसरं म्हणजे 'लेन्स थोडी अडकते, पण चालते' असं सांगून विकलेले कॅमेरे. असा कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका. लेन्सचा संच बदलण्याचा खर्च बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि सुटा भाग मिळेल याची खात्री नसते.

## पायरी ६: तीनच नावं उरवा आणि हातात घेऊन पाहा

यादी तीनवर आणा. कॅमेरा हातात घेतला की चार गोष्टी पाहा. चालू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो. शटर बटण अर्धं दाबल्यावर फोकस झाल्याची हिरवी चौकट पटकन येते का. अंगठा स्क्रीनवर न येता कॅमेरा एका हातात राहतो का. आणि दुकानाबाहेर उन्हात स्क्रीन दिसतो का. स्वस्त कॉम्पॅक्टना डोळा लावायची खिडकी नसते. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन काळा दिसत असेल तर किल्ल्यावर तुम्ही अंदाजानेच फोटो काढणार. दुकानदाराला सांगून दारापर्यंत जा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

## पायरी ७: पंधरा मिनिटांची तपासणी

घरून निघताना सोबत घ्या: फॉरमॅट केलेलं स्वतःचं एसडी कार्ड, आजचं वर्तमानपत्र, छोटा टॉर्च, चिकटपट्टी आणि शक्य असेल तर कार्ड रीडर. नवा कॅमेरा असेल तर क्रमांक ३ पासून सुरुवात करा.

१. बाहेरून. कोपरे चेपलेले आहेत का, लेन्सचं कडं वाकडं आहे का. बॅटरीचं दार उघडा: आतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी भुकटी असेल तर सेल गळलेला आहे. बॅटरी टेबलावर सपाट ठेवून बोटाने फिरवा. ती भिंगरीसारखी फिरली तर मधे फुगलेली आहे, ती वापरायची नाही आणि किमतीतून तेवढे पैसे वजा करायचे.

२. लेन्समध्ये टॉर्च. कॅमेरा चालू करा, लेन्स बाहेर आली की बाजूने तिरपा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या दिसल्या तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. धुळीचे एक-दोन कण चालतात, बुरशी अजिबात नाही.

३. लेन्सची चाल. पाच वेळा चालू-बंद करा. झूम पूर्ण पुढे, पूर्ण मागे, तीन वेळा. करकर आवाज, मधेच थांबणं किंवा स्क्रीनवर 'लेन्स एरर' आला तर तपासणी इथेच संपली. कॅमेरा परत द्या.

४. वर्तमानपत्र. हा सगळ्यात महत्त्वाचा फोटो. वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटपट्टीने भिंतीवर सपाट लावा, समोर सरळ उभे राहा आणि पान चौकट भरेल असा फोटो काढा, एकदा झूम न करता आणि एकदा थोड्या झूमवर. मग फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचा. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणारच. पण डावीकडच्या छोट्या जाहिराती वाचता येतात आणि उजवीकडच्या सगळ्या पुसट आहेत, असं असेल तर लेन्सचे आतले भाग सरकलेले आहेत. कॅमेरा कधीतरी पडलेला आहे. बाहेरून ओरखडा नसला तरी हे पान खरं सांगतं.

५. पांढरी भिंत. पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. करडे, धूसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्याने ती साफ करायला कॅमेरा खोलावा लागतो. ठिपके दोनच असतील आणि कोपऱ्यात असतील तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही.

६. हाताने झाकलेली लेन्स. फ्लॅश बंद करून, लेन्स तळहाताने झाकून फोटो घ्या. काळ्या चित्रात लाल-निळे-पांढरे टिपके म्हणजे जळालेले पिक्सल. एखाद-दुसरा असतोच, मूठभर नकोत.

७. फ्लॅश. लागोपाठ तीनदा उडवा. दर वेळी उडाला पाहिजे.

८. व्हिडिओ. अर्धा मिनिट बोलत रेकॉर्ड करा, लगेच आवाजासह ऐका. माइक बिघडलेला असला तर फोटोंतून कधीच कळत नाही.

९. तारीख. तारीख-वेळ लावा, बॅटरी दोन मिनिटं काढून पुन्हा घाला. तारीख पुसली गेली तर आतली छोटी राखीव बॅटरी संपलेली असू शकते. हा दोष मोठा नाही, पण घासाघीस करायला उपयोगी पडतो.

तपासा: वर्तमानपत्र आणि भिंत हे दोन फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून निकाल देऊ नका. कार्ड काढून फोनवर उघडा. छोट्या स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं.

विक्रेता "बॅटरी चार्ज नाही, पण कॅमेरा चालू आहे" म्हणाला तर पैसे न देता परत या. चार्ज झाल्यावर पुन्हा जाता येतं.

## पायरी ८: बिल आणि परतीच्या अटी

बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला सिरियल नंबर लिहून घ्या, आणि तिथेच दोन्ही ताडून पाहा. 'इंटरनॅशनल वॉरंटी' म्हणजे भारतातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत दुरुस्ती होईलच असं नाही. कंपनीच्या भारतातल्या वॉरंटी कार्डाबद्दल स्पष्ट विचारा. वापरलेला असेल तर दुकानाची तपासणी मुदत, सात दिवस किंवा जे ठरेल ते, बिलावरच लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव वाचा, आणि अट 'रिटर्न'ची आहे की फक्त 'रिप्लेसमेंट'ची हे पाहा. खोकं फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून सिरियल नंबरपर्यंत सलग व्हिडिओ करा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे बिलासह तक्रार नोंदवता येते.

## पायरी ९: परतीची मुदत असेपर्यंत

कॅमेरा शोकेसमध्ये ठेवू नका, पहिल्याच आठवड्यात राबवा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, सगळ्या फायली उघडून बघा. बनावट कार्डं खरी क्षमता संपली की आधीचे फोटो खराब करतात. बॅटरी पूर्ण चार्ज करून ती संपेपर्यंत किती फोटो निघतात ते मोजा. ऐंशीच्या आत संपली तर बॅटरी थकलेली आहे.

मग पायरी १ चा कागद काढा आणि तेच तीन फोटो या कॅमेऱ्याने काढा. ऑटोवर फ्लॅशमुळे चेहरे पांढरेफटक येत असतील तर दीड-दोन मीटर मागे सरका आणि थोडा झूम करा. पण फ्लॅशचा पल्ला साधारण तीन मीटरपर्यंतच असतो, त्यापलीकडच्या स्टेजवर तो मारण्यात अर्थ नाही, तिथे बंद ठेवा. फोटो हलत असतील तर शटर एका झटक्यात दाबू नका: अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, मग पूर्ण दाबा. नवख्यांचे हलके हललेले फोटो यानेच निम्मे सुधारतात. एवढं करूनही खूण केलेला फोटो फोनपेक्षा चांगला येत नसेल, तर मुदत संपायच्या आत कॅमेरा परत करा.

ठेवायचं ठरलं तर पावसाळ्याची सोय लगेच करा. कातडी पाऊचमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात कॅमेरा बंद करून ठेवला की बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलंत तर ते ओलं झाल्याचं बघताच कळतं, तापवून कोरडं केलं की पुन्हा चालतं. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा, आणि दोन आठवड्यांतून एकदा कॅमेरा चालू करून लेन्स दोन-तीनदा पुढे-मागे करा.